या वेळी स्टेजला उतार केला नाही

बाबा, तुमच्या नावाची कमान झाली. रिसोडच्या बाजाराच्या तोंडाशी, लोखंडी, तिरंगी रंग दिलेली. वर तुमचं नाव, पदकासकट. आणि खाली, तुमच्याहून मोठ्या अक्षरांत, ज्यांच्या प्रयत्नातून ती उभी राहिली त्या भाऊंचं. तेच आपले पुढारी भाऊ. उद्घाटन त्यांचं आणि मंडप माझा. त्याचंच सांगायला बसलोय.

लोक मला म्हणतात, वडील फौजी, म्हणजे घरी कडक शिस्त असणार. मी हसतो. आमच्या घरी शिस्त कुठली, पाय होते. सुरुंगानं तुमचा एक पाय नेला, सरकारनं पदक दिलं, आणि गावी येऊन तुम्ही जन्मभर जिल्ह्यातल्या जखमी फौजींचे नकली पाय सांभाळत बसलात. एकीकडे आईची कणकेची परात, दुसरीकडे चुलीच्या उबेला तेल पाजून ठेवलेले चामडी पट्टे. "सैपाकघर हाय का दवाखाना हाय हे?" आई करवादायची, आणि आलेल्या माणसाला आधी जेवायला वाढायची. कुणाला नवा पाय बसवायला तुम्ही पुण्याला घेऊन जायचात. कुणी घराबाहेर पडणंच सोडलं, तर एस्टीनं त्याच्या गावी जाऊन दारात बसायचात. समजूत कधी घातली नाहीत. आपला पाय काढून त्याच्यापुढे ठेवायचात आणि म्हणायचात, "आता दोघंबी सारखे. बोल."

तुमच्या त्या तोफखान्यातल्या दोस्ताला, ज्यांना मी काका म्हणतो, तर दोन्ही पाय नव्हते. त्यांना तीनचाकी सायकल द्यायचा कार्यक्रम आठवा. मी तेव्हा दुसऱ्याच्या मंडपावर मजूर. सायकल खाली उभी, आणि फोटो मात्र स्टेजवर हवा. भाऊ ओरडले, "उचला रे त्याले! फोटोवाला थांबला." चार पोट्ट्यांनी काकांना सोयाबीनच्या पोत्यासारखं वर नेलं. हार झाला, फोटो झाला. मग काकांना खाली घ्यायचं का, असं कुणीतरी विचारलं. मी खांबाची गाठ सोडत होतो. माझे तिखट कान तुम्हाला माहीतच आहेत. भाऊ म्हणाले, "राहू द्या बसेल. जेवन थंडं होऊन राह्यलं." सगळे गेले. आम्ही कापड उतरवत होतो आणि काका गळ्यात हार घालून उघड्या फळ्यांवर, उन्हात. हाक मारायचीही त्यांना लाज वाटत होती.

तेवढ्यात तुम्ही भरलं ताट सोडून आलात. खुरडत वर चढलात, पाय काढून बाजूला ठेवलात आणि त्यांच्याशेजारी बसून तंबाखू मळू लागलात. मी म्हणालो, "मी जाऊन त्याचे दात पाडतो." तुम्ही माझ्याकडं पाहिलंतही नाही. "दात पाडून याले पाय फुटतीन काय? तुह्या हातात काम हाय ना? स्टेजले उतार कर."

केला, बाबा. स्वतःचा धंदा उभा केल्यापासून माझा एकही स्टेज उताराशिवाय नाही. वाशीमपासून पोहरादेवीपर्यंत लोक मला त्यावरूनच ओळखतात. म्हातारी, नवरीची आजी, कुबडीवाला, सगळे त्यावरून वर जातात. पण दातांचं मी विसरलो नव्हतो.

या वेळी भाऊ स्वतः दुकानात आले. गुडघे गेलेत, पोट सुटलंय, निवडणूक जवळ आलीय. "तुह्या बापाचं नाव गाजवून राह्यलो आपण," म्हणाले. चहा प्यायले, आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवून, "पन त्या लंगड्याइले मागं बसव बरं. पुढं पत्रकार राहतीन."

मी म्हणालो, "भाऊ, तुमी चिंताच नोका करू."

उताराच्या फळ्या मी ट्रकमध्येच ठेवल्या. स्टेज छातीएवढा उंच केला आणि मागून लोखंडी शिडी लावली, अरुंद. तुमची फौजी माणसं, बाबा, पहिल्या रांगेत, कूलरसमोर. भाऊंनी शिडीवर एक पाय ठेवला, कण्हले, आणि मग त्यांच्याच पोट्ट्यांनी त्यांना चौघांत धरून वर लोटलं. सदरा बगलेपर्यंत गेला, एक चप्पल खाली पडली. सगळा बाजार पाहत होता. पहिल्या रांगेत काका, त्याच तीनचाकीवर, पान चघळत.

भाषण संपलं तसा मी माईकवर गेलो. "जेवण तयार आहे. पुऱ्या गरम आहेत तोवर या." पंगत मुद्दाम पार बाजाराच्या पलीकडच्या टोकाला ठेवली होती. भाऊंचे कार्यकर्ते मी लग्नांमधून पाहिलेत. पुरीचं नाव निघालं की त्यांना बाप आठवत नाही. क्षणात मैदान मोकळं. मी माईक बंद केला आणि कापड सोडायला सांगितलं.

"अरे, मले उतरवा ना बे!"

"पाहतो ना भाऊ. पोट्टे जेवून राह्यले."

ऊन थेट त्यांच्या डोक्यावर आलं. मी काकांकडे पाहिलं. आता हुकूम त्यांनी द्यायचा होता. त्यांनी पान थुंकलं. "चा सांग पयले. दोन." आम्ही स्टेजलगतच्या ट्रकच्या सावलीत बसून बशीनं चहा प्यायलो, सावकाश. वर भाऊ घाम पुसत होते, आणि आता हाका मारत नव्हते. मग काका वर मान करून म्हणाले, "मी याच्याहून जास्त येळ बसलो होतो वर. आठवते काय?"

भाऊंनी डोळ्यांवर हात धरून खाली पाहिलं. "कवा?" म्हणाले.

खरंच आठवत नव्हतं त्यांना. त्या एका शब्दानं माझं अंग असं पेटलं, की मी काकांसाठी आणखी एक चहा मागवला.

शेवटी माझ्या माणसांनी त्यांना उतरवलं, हळू, पडू न देता. काका जाताना माझा हात दाबून गेले. आणि सायकल जोरात हाणली.

तुम्ही म्हणाल, चांगलं नाही केलंस. मला तरी चांगलंच वाटतंय. चार दिवस झाले, अजून वाटतंय. तुमच्या तसबिरीपुढं हे वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही वाचणार. कारण मला माहीत आहे, तुम्ही असता तर ताट सोडून आला असता, त्या शिडीवरून फरफटत वर गेला असता, आणि पाय काढून भाऊंच्याही शेजारी बसला असता. त्या दिवशी सावलीत चहा पिताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला तुम्ही नसल्याचं बरं वाटलं.