तिसऱ्या कमानीखालची सुंदराबाई

३ नोव्हेंबर १९५८, अमरावती
आज शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून रुजू झालो. पुण्याहून निघताना तोंड वाकडं होतं, पण शाळेसमोरचा जुना चौक पाहिला आणि सगळा राग पळाला. कुण्या कापसाच्या व्यापाऱ्याने इटलीची चित्रं पाहून इथे इमारत उठवली आहे. सात गोल कमानी, सडपातळ खांब, वर त्रिकोणी माथा. अस्सल रेनेसाँस, आणि तोही वऱ्हाडात. मुंबईच्या प्रदर्शनाला याचंच चित्र पाठवणार.

५ नोव्हेंबर
चौकात बसून आराखडा केला. तिसऱ्या कमानीखाली सुंदराबाई संत्री विकते, भातकुलीहून रोज येते. बिनधास्त विचारलं, मले बी काढून राह्यले का, मास्तर? हो म्हणालो. वर तिचं एक संत्रं फुकट खाल्लं.

९ नोव्हेंबर
चित्र जमलं. फक्त सुंदराबाई मध्ये येते, कमानींचा तोल बिघडतो. शब्द दिला होता खरा, पण मुंबईत तिला कोण ओळखतंय? दुपारी खोडरबर घेऊन पुसून टाकली. टोपली ठेवली, रंगाला बरी. आता कमान झकास दिसते.

१० नोव्हेंबर
टोपली जागेवर आहे, संत्री रचलेली. बाई नाही. शेजारचा पानवाला सांगतो, काल दुपारी गिऱ्हाइकाला संत्रं देता देता बसल्या जागी दिसेनाशी झाली. तिची लेक मनकर्णा टोपलीपाशी रडत होती. मी मान खाली घालून शाळेत आलो.

१२ नोव्हेंबर
मनकर्णा शाळेत आली. म्हणाली, तुमी त रोज तिच्याकडंच पाहून राह्यले होते, मास्तर, कुठी गेली माय माही? तास आहे म्हणून सटकलो. मी कमानीकडे पाहत होतो. बाईकडे नाही.

१३ नोव्हेंबर
पुन्हा काढायला बसलो. लुगडं आलं, हात आले. चेहरा — नाक कसं होतं, डोळे कसे — काही आठवत नाही. तिचं संत्रं खाल्लं आणि तोंड पाहिलं नाही. लाज वाटते. लेकीला विचारायची हिंमत नाही. चेहरा कोराच राहिला.

१४ नोव्हेंबर, दुपार
वर्गाच्या खिडकीतून दिसते आहे. सुंदराबाई आली — तिसरी कमान, तेच लुगडं — पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मनकर्णा धावत निघाली. तिला हाक मारायला हवी, पदर वर करू नकोस म्हणून — पण मग कारण सांगावं लागेल — खाली बसली — माय, माय म्हणत — पदराला हात —