दाताखालचा दाणा

मुकादमकाका,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्ही वारलात त्यालाच तीसेक वर्षं झाली असतील. सातवीपुढे शिकलो नाही, त्यामुळे चार ओळी लिहायलाही अजून वेळ लागतो.

सून न्हावा शेवाच्या रस्त्यावरच्या गोदामात खोकी भरणाऱ्या बायकांवर देखरेख करते. आज येऊन म्हणाली, "बाबा, साहेब विचारतायत, खोक्यामागे इन्सेंटिव्ह लावू का? बायका जोमाने काम करतील ना? उद्या सांगायचंय मला." मी म्हटलं, सकाळी सांगतो.

मला आपली पनवेलची पोह्यांची गिरणी दिसायला लागली. मी भट्टीवर भिजवलेलं भात भाजतोय. तुम्ही येता, आत ओल राहिली का बघायला एक दाणा उचलून दाताखाली धरता. कट्. "वाजला!" एवढंच. त्या एका शब्दासाठी मी दिवसभर धग सोसायचो. न चावता घाणा पुढे ढकलला की म्हणायचात, "दात काय लग्नात दाखवायला ठेवलंस काय रं?"

मग शेठनी पोत्यामागे वरचे पैसे लावले. मी कधी नव्हे एवढी पोती काढली. त्या पैशांतून आईचा चष्मा आला, हेही खोटं नाही. पण चावून बघायला थांबलो की पोतं कमी भरायचं, म्हणून चावणंच सोडलं. दिवाळीच्या तोंडावर पोती परत आली, आतून बुरसलेली. शेठ माझ्यावर धावून आले तेव्हा तुम्ही मध्ये पडलात. "भट्टीव मीच व्हतो शेठ, याला काय इचारता?" तुमची मुकादमी गेली. गव्हाणच्या एस.टी.त चढताना मागे वळून एवढंच विचारलंत, "आईला दिसतंय ना रं नीट?" म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

सुनेला काय सांगू? पैसे देऊ नका म्हणायला जीभ रेटत नाही. त्या बायकांच्या घरीही कुणाला तरी चष्मा लागतच असेल. पैसे द्या, पण खोकं नीट बघायला वेळही द्या, असं म्हणावं वाटतं. पण ती विचारेल, "तुम्हाला हो कसं ठाऊक?" आणि काका, ती पोती तुमच्या हातची, असंच मी आजवर घरात सांगत आलोय.

हे टाकायचं कुठे, तेही कळत नाही. सून सकाळी साडेआठला निघते. त्याआधी काहीतरी कळवा.