व्याहीबुवांची विश्रांती

आदरणीय व्याहीबुवा,

नमस्कार. (हा नमस्कार रागाने केला असला, तरी दोन्ही हात जोडून केला आहे, याची नोंद घ्यावी.) आपण धाकट्या बंधूंकडे सुखरूप पोहोचल्याचे आपल्या चिरंजीवांकडून, म्हणजे आमच्या जावईबापूंकडून, कळले. पत्राच्या आरंभी प्रकृतीची चौकशी करण्याची रीत आहे. परंतु आपली नाडी, आपली झोप आणि आपली चाल यांचे रंगीत आलेख मी नुकतेच भिंतीएवढ्या पडद्यावर पाहिले असल्यामुळे त्याबाबत विचारण्यासारखे काही उरलेले नाही. आपण ठणठणीत आहात. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

"मी असे केले तरी काय, की त्यांनी माझ्या पत्त्यांच्या मंडळींसमोर माझा पाणउतारा करावा?" असे आपण बंधूंकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत आहात, असे कानावर आले. त्याचे उत्तर देण्यासाठी हे पत्र आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे कोणतीही गोष्ट पहिल्यापासून मांडल्याखेरीज मला चैन पडत नाही, तेव्हा आपणही ते पहिल्यापासून वाचावे. शेवटचे पान आधी उलटून पाहण्याची आपली वर्तमानपत्रातील सवय येथे कृपया आवरावी.

आपल्या सूनबाई, म्हणजे माझी मुलगी, बाळंत झाली, तेव्हा माता-बाल संशोधन केंद्राने तिला आपल्या अभ्यासात सामील करून घेतले. बाळंतिणीला विश्रांती किती मिळते आणि तिचा आईच्या व बाळाच्या प्रकृतीशी काय संबंध आहे, हा त्यांचा विषय. विषय उत्तम आहे. (तो इतका उत्तम आहे, की त्यासाठी एकाही बाळंतिणीला त्रास द्यावा लागला नसता, तर मी केंद्राला अभिनंदनाचे पत्र लिहिले असते.) प्रत्यक्षात होते असे, की मुलीचा डोळा लागतो न लागतो तोच केंद्रातील एका बाईंचा फोन येतो, "ताई, आज विश्रांती मिळाली का?" एकदा मुलगी म्हणाली, "मिळत होती." त्यावर बाई म्हणाल्या, "मग 'हो' लिहू, की 'नाही' लिहू?" आमच्या घरी त्यांना विचारपूसबाई म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

तथापि या अभ्यासात एक गोष्ट सोन्यासारखी होती. ज्या मातांना सर्वांत कमी विश्रांती मिळते, त्यांच्या घरी केंद्र रोज दुपारी एक शिकलेली मदतनीस पाठवणार होते. मुलीला तिची किती गरज होती, हे मी आपल्याला सांगायला नको. नात रात्रभर जागी. जावईबापूंची कारखान्यात रात्रपाळी. तुमच्या विहीणबाईंचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून बाळंतपण माहेरी न होता आपल्याच घरी. मी दिवसभर कचेरीत. तेव्हा ती मदतनीस आपल्याकडे येणार, हे मी गृहीतच धरले होते. कोणाला किती विश्रांती मिळते, हे ठरवण्यासाठी केंद्राने प्रत्येक आईच्या मनगटाला झोप, चाल आणि नाडी नोंदवणारा एक पट्टा दिला होता. आणि व्याहीबुवा, येथे आपला प्रवेश होतो.

पट्ट्याची कड बाळाला बोचते, म्हणून मुलीने तो काढून ठेवला. तो आपण उचललात. हरवू नये म्हणून उचललात, असे आपले म्हणणे आहे. घरात कपाट आहे, फडताळ आहे, खुंटी आहे, टेबलाला कुलपाचा खण आहे. या सर्वांपेक्षा आपल्याला आपले मनगट अधिक सुरक्षित वाटले! आणि पट्टा बिचारा यंत्र. मनगट कोणाचे, हे त्याला काय ठाऊक? तो इमानाने नोंदी करत राहिला.

त्याचा परिणाम मी केंद्रात पाहिला. बाळाचे वजन करायचे म्हणून अर्धी रजा टाकून मी मुलीबरोबर गेलो होतो. तेथील दालनात भिंतीला चिकटवलेली बाके, बाकांवर ओळीने आया, प्रत्येकीच्या मांडीवर एकेक मूल, आणि त्या मुलांपैकी निम्मी रडणारी. मुख्य डॉक्टरीणबाई आल्या, भिंतीवरच्या पडद्यावर मुलीच्या नावाचे आलेख लावले आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "ह्या ताईंकडून शिकण्यासारखं आहे, बरं का! दुपारी जेवल्याबरोबर गाढ झोप. सकाळी बागेत संथ चालणं. मग बाकावर निवांत बसणं. बाळंतपणानंतर इतकी शांत नाडी आम्ही पाहिलेली नाही." सगळ्या आयांनी माझ्या मुलीकडे अशा नजरेने पाहिले, की मला तिच्यापुढे उभे राहावे लागले. मग बाईंनी आवाज खाली आणून तिला विचारले, "फक्त संध्याकाळी तुमची नाडी एकदम उसळते. घरात कोणी त्रास देतं का? मोकळेपणानं सांगा." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे! व्याहीबुवा, दूरदर्शनसंचावर चार माणसे एकमेकांवर ओरडू लागली, की आपण पाचवे होऊन ओरडता. त्या ओरडण्याचा आरोप मी भर दालनात, तान्ह्या मुलांच्या साक्षीने, सहन केला.

ज्या आदर्श मातेचे हे गुणगान चालले होते, ती त्या वेळी काय करत होती, ठाऊक आहे? बसल्या जागी झोपली होती. मान भिंतीला, तोंड उघडे, एक हात मात्र बाळाखाली घट्ट. मी म्हणालो, "बाई, पडदा बाजूला ठेवा आणि हिच्याकडे पाहा." बाई म्हणाल्या, "आम्हाला नोंदीवर जावं लागतं." मी आयुष्यभर नोंदींवरच पोट भरले आहे, व्याहीबुवा, आणि तरीही त्या क्षणी नोंद या शब्दाचा मला जेवढा संताप आला तेवढा आजवर कधी आला नव्हता. समोर माणूस कोसळते आहे आणि तुम्ही मागे वळून भिंतीला विचारता, हिला बरे आहे ना! आवाजाने मुलगी जागी झाली. पडद्याकडे पाहून म्हणाली, "अहो, हे तर बाबांचं आहे." बाबा म्हणजे आपण. खुलासा झाला, परंतु उपयोग शून्य. मदतनिसांचे वाटप होऊन गेले होते. पुढील फेरी कधी, हे त्यांनाही सांगता येईना.

त्यानंतर मी बाळाचे वजन होईपर्यंतही थांबलो नाही. मुलगी मागून काही सांगत होती, ते न ऐकता तडक आपल्या घरी आलो आणि आपल्या मंडळींदेखत म्हणालो, "सुनेच्या नावावर झोपा काढणारा सासरा मी प्रथमच पाहतो आहे." हे वाक्य मी मागे घेत नाही. त्यातील प्रत्येक शब्द तपासून पाहिला आहे. एकही चूक नाही. आपण दुसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघून गेलात, हा सर्वस्वी आपला निर्णय. केंद्राला घडल्या प्रकाराचा खुलासा आपल्या सहीने पाठवावा, एवढीच मागणी करून थांबतो.

आपला,
नाइलाजाने नम्र,
व्याही

ता. क. वरील पत्र तुमच्या विहीणबाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "एवढं सगळं लिहिलंत, आणि मुख्य ते कुठे आहे?" तेव्हा मुख्य ते असे. आपण गेल्यापासून नात दुपारीही झोपत नाही. मुलीने परवा सांगितले, की दुपारी आपण पलंगावर आडवे होऊन नातीला छातीवर घेत होता, दोन्ही बाजूंना उशा लावून. आणि तेवढा वेळ ती स्वतः शेजारच्या खोलीत झोपत होती. दिवस आणि रात्र मिळून तिला तेवढीच झोप होती. केंद्रातून निघताना ती हेच मागून ओरडून सांगत होती म्हणे. हे आपण त्याच वेळी माझ्या तोंडावर का सांगितले नाहीत? मी कमी बोललो असतो. (बोललो नसतो, असे म्हणत नाही.)

ता. क. दुसरा. काल रजा घेऊन त्याच पलंगावर, त्याच उशांच्या मध्ये, तसाच आडवा झालो. नातीने माझ्याकडे अत्यंत संशयाने पाहिले आणि घर डोक्यावर घेतले. मुलगी म्हणाली, "अण्णा, तुम्ही घोरत नाही. तिला ते घोरणं लागतं." मी प्रयत्न करून पाहिला. जाणूनबुजून केलेले घोरणे तिला लगेच ओळखू येते.

ता. क. तिसरा. परतीचे तिकीट सोबत जोडले आहे. आपण उतरलात, की न्यायला मी स्वतः येईन. वाटेत चहा घेऊ नये, आपली झोप उडते. जेवण आपल्या घरी तयार असेल; ते करावे आणि कोणाशीही, विशेषतः माझ्याशी, एक शब्दही न बोलता आडवे व्हावे.