ह्यांचं घोरणं

जोधपूर

ती. आत्यांना प्रियदर्शनीचा पाया पडून नमस्कार.

आमी समदी खुशाल हाय. तुमचा गुडघा कसा हाय? म्हस दूध देती का?

फोनवरच इचारलं असतं, पण फोन ह्यांच्यापाशीच असतो.

तुमी म्हणता न्हवं, घोरणारा माणूस निर्धास्त झोपतो. मीबी तसंच धरून चालले. पण हल्ली घोरता घोरता ह्यांचा श्वासच थांबतो, मग गुदमरल्यावानी दचकून परत चालू होतो. रातभर झोपूनबी ट्रक चालवताना डोळा लागतो म्हणत्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार असू शकतो, तपासून घ्या. ह्ये हसून म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय ते."

मला कायबी कळंना. घराण्यात हाय म्हणून निवांत ऱ्हावं का भ्यावं? माझं ऐकत न्हाईत. तुमचा शब्द तेवढा मोडत न्हाईत.

आत्या, राग मानू नका. मामा तुमच्या शेजारी झोपेतच गेले, तवा समदं आष्टा गाव म्हणालं, पुण्यवान माणूस, कसं सुखाचं मरण आलं. आवं, मामांचं घोरणंबी असंच मधी थांबायचं का?

तुमची सून,
प्रियदर्शनी