आप्पांचं कापलेलं वाक्य

मंगळवार, आकुर्डी

किळस आली आज. आप्पांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन रोबोटनं झालं, त्याला महिना होत आला. आज तपासणीला नेलं, तर हॉस्पिटलच्या जाहिरातवाल्या बाईंनी त्यांना कॅमेऱ्यासमोरच बसवलं. "बोला काका, काहीच त्रास नाही!"

आप्पा म्हणाले, "कॅन्सरची गाठ काढून टाकली, डॉक्टर चांगले हायत. पण लघवी अजून आवरत न्हाई, पॅड लावावं लागतं."

"पॅडचं नको, काका. परत घेऊ."

पुन्हा पुन्हा घेतलं, आणि दर वेळी आप्पांनी पॅडचं सांगितलंच. शेवटी बाई हसल्या, "एडिटमध्ये काढू." मी तिथे गप्प का उभी राहिले?

संध्याकाळी व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पॅडचं वाक्य गायब, मागे सनई. शी!

तेवढ्यात कुरुळीहून बबनकाकांचा फोन आला, आप्पांनी स्पीकरवर घेतला. आप्पांचे कंपनीतले जुने दोस्त, त्यांचंही तिथेच हेच ऑपरेशन ठरलंय, म्हणून व्हिडिओ त्यांनाही आला होता. "राव, तुला काहीच त्रास न्हाई म्हणं?"

"हाय की. त्यांनी कापलं ते. तू ऑपरेशन करून घे, भिऊ नको. पण नंतर पॅड लागंल, आत्ताच सांगतो. माझं हळूहळू कमी व्हतंय."

 काका म्हणाले, "बरं झालं बोललास. न्हाईतर मला वाटलं असतं, माझंच काहीतरी बिघडलं."