पानफुटीची कुंडी

इंदापूर, चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

आज हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर सासूबाईंनी माझ्या पानफुटीचं एक पान तोडून वर धरलं. कडेला इवली इवली रोपं फुटलेली. म्हणाल्या, "बघा, ह्याचं नुसतं पान मातीत पडलं तरी पोरं व्हत्यात. आन् आमची सून इतकी वर्सं हितं नांदतीय." बायका हसल्या. त्यांचं सोडा. दारात उभे होते ते हेही हसले.

कोरफड, शेराचं झुडूप, पानफुटी, सगळं मीच फुटक्या डब्यांत, कुंड्यांत जगवलं. हे का हसले?

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "उद्या पहाटं बारामतीला पोरगी बघाया जायचंय. तिच्या आईसाठी एक चांगली कुंडी काढून ठेव." पोरगी कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. मी यांच्याकडे पाहिलं. आता हसत नव्हते, पण नाहीही म्हणाले नाहीत.

मी सगळ्यांत भरलेली पानफुटी निवडली. मरतुकडी का नाही दिली? माझं मलाच कळेना. मी कुंडी रात्रीच बैलगाडीत ठेवत होते, तेव्हा हे दिवसभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"जपून ठेव, पानं मोडत्याल."