टाचणीला या घरातून कोणी उठवू नये

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, पाट्या रंगवणाऱ्याची बायको, आता विधवा, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (तारीख कोणी लिहून ठेवली नाही आणि आता विचारायला कोणी उरलं नाही), हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मी शुद्धीत आहे. समोरच्या घरातल्या नर्सबाईंनी आत्ताच रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे. जिभेबद्दल मी काही लिहून देणार नाही." माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारा एकच माणूस होता, तो सहा वर्षांपूर्वी गेला. मला अक्षरओळख नाही. लिहिणारे गृहस्थ कोर्टातले निवृत्त कारकून आहेत. ते मध्येच थांबून म्हणतात, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हणते, तुम्ही लिहा, बसेल.

कलम १. घर. पुढची खोली, मागची खोली, मोरी आणि जिन्याखालची जागा. नवऱ्याने हे हयातीतच माझ्या नावावर केलं. म्हणायचा, "तुझी खोटी सही कोणी मारू शकणार नाही." माझ्यानंतर घराचा मालक माझा एकुलता एक मुलगा. मात्र कलम ४ ऐकल्याशिवाय त्याने दलालाला फोन करू नये.

कलम २. नवऱ्याचे ब्रश, फूटपट्टी, आखायची दोरी आणि रंगाचे डबे (वाळलेले) कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला द्यावेत. नवऱ्याचा हा दोस्त. नवरा गेल्यापासून रोज दुपारी दुकान बंद करून येतो, नवऱ्याच्या स्टुलावर बसतो, चहा पितो आणि जातो. पहिले दोन महिने एक शब्द बोलला नाही. शेवटी मीच विचारलं, "बोलायचं नाही तर येता कशाला?" म्हणाला, "वहिनी, बोलायला दुकान आहे. इथे गप्प बसायला येतो." मला त्याचा मोठा उपयोग झाला. सकाळ धुण्याभांड्यांत जाते, संध्याकाळी दिवा लावायचा असतो. दुपारचं काय करायचं ते मला आजही कळत नाही. पूर्वी भाजी काय करायची हेसुद्धा भांडून ठरायचं. आता सगळं एकटीने ठरवायचं, आणि ठरवूनच माणूस दमतो. ब्रशांचं काय करू, असं इस्त्रीवाल्याने विचारू नये. मलाही माहीत नाही.

कलम ३. धाकट्या दिराला काही नाही. भाऊ जाऊन तीन आठवडे झाले तेव्हा तो "दोन दिवसांसाठी" शिडी घेऊन गेला. मागायचं त्राण तेव्हा नव्हतं, आता इच्छा नाही. शिडी त्याला लखलाभ.

कलम ४. टाचणी. ही शिवणकाम करणारी, माझी मैत्रीण. बोलताना तोंडात टाचण्या धरते, म्हणून हे नाव. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्या दहा वर्षं आधी गेला, त्यामुळे या कामात ती मला वरिष्ठ.

ती इथे कशी आली ते लिहिणं भाग आहे. माझ्या गोळ्यांच्या दोन डब्या आहेत. मला वाचता येत नाही म्हणून नवऱ्याने सकाळच्या डबीवर सूर्य काढला, रात्रीच्या डबीवर चंद्र. तो गेल्यावर मुलाला नोकरीवर परतायचं होतं. जाताना त्याने महिन्याभराच्या गोळ्या भरून ठेवल्या. त्याला वाटलं, बाबांनी हौसेने चित्रं काढली असतील. जास्त गोळ्या त्याने मोठ्या डबीत घातल्या, कमी त्या लहान डबीत. रात्रीच्या गोळ्या सूर्याच्या डबीत गेल्या आणि मी चित्र बघून घेत राहिले. चौथ्या दिवशी भर सकाळी झोपेच्या गोळीने मोरीत पडले. उशीचा अभ्रा द्यायला आलेल्या टाचणीने मला उचललं.

"चार दिवस राहते," म्हणाली. त्याला सहा वर्षं झाली. मी पडून राहायचे तेव्हा पांघरूण ओढून म्हणायची, "म्हातारे, ऊठ. केस विंचर. गेला तो गेला, तू अजून इथेच आहेस." मी उठायचे, कारण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा केस विंचरणं सोपं. नंतर तिने आपली भाड्याची खोली सोडली. दोन ठिकाणी झाडू मारायचा कंटाळा येतो, म्हणाली. आता तिला दुसरं ठिकाण नाही आणि तिच्याकडे कसला कागद नाही.

म्हणून: टाचणी जिवंत असेपर्यंत तिने याच घरात, मशीन आहे तिथेच ठेवून, भाडं न देता राहावं. तोवर घर विकू नये आणि तिला उठवू नये.

कलम ५. माझ्या दोन पाटल्या सुनेला. ती दर रविवारी फोन करून "जेवलात का" विचारते. मी हो म्हणते. निम्म्या वेळा ते खरं असतं.

कलम ६. नर्सबाई साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. त्या म्हणाल्या, "बरं झालं, घरात ठेवायला जागा नाही." मी गेल्यावर "सुटली बिचारी" असं कोणी म्हणू नये. दमली होती म्हणा.

अंगठा उठवणाऱ्याला मजकूर वाचून दाखवावा लागतो. ते काम कारकुनांचं. पण मी मुलाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतलं, म्हणजे उद्या माहीत नव्हतं म्हणायला नको. पुढचं सगळं त्याच वेळी मी लिहायला लावलं आहे. घर विकायचे कागद असतील असं समजून तो आला होता. कलम ४ ला अडखळला.

"आई, डब्यांचं लिहायलाच हवं का?"

"आळ नाही घेत तुझ्यावर. ती का राहिली ते लिहायचं, तर कशी आली ते लिहायला नको?"

"मी थांबू शकलो असतो चार दिवस."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचा आता कंटाळा येतो.

त्याने कलम ४ पुन्हा मनात वाचलं. मग म्हणाला, "त्या बाईंना माहीत आहे का हे?"

"नाही. बटणं आणायला पाठवलंय. निवडायला तिला तासभर लागतो."

त्याने कारकुनांच्या हातून पेन घेतलं आणि खाली काहीतरी लिहिलं. मला कळेना. कारकुनांनी वाचून दाखवलं: "कलम ४ मला मान्य आहे. मावशी आहेत तोवर मी आधी विचारून या घरी येईन."

मावशी. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही कागदावर. तोंडाने म्हणायला त्याला अजून वेळ लागेल. लागू दे.

सर्व मजकूर मी ऐकला, समजला, बरोबर आहे. शाई आणा लवकर. टाचणी आली तर रडेल, आणि तिची समजूत काढण्याइतकी ताकद आज माझ्यात नाही.

अंगठा: पाट्या रंगवणाऱ्याची बायको (डावा)

साक्षीदार १: समोरच्या घरातल्या नर्सबाई (सही)
साक्षीदार २: लिहिणारे निवृत्त कारकून (सही; मजकुरातील अनावश्यक भाग माझ्या सल्ल्याविरुद्ध)
मान्यता: मुलगा (सही)

ठिकाण: पुढची खोली, शिलाई मशीनच्या फळीवर
दिनांक: ९ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी अकरा